भिंतीला सुटलेलं पोट

मागच्या भिंतीचं काहीतरी बिनसलंय हे धाकटीला कळलं ते एका चमच्यामुळे. ओटा पुसताना चमचा हातातून सटकला आणि ओट्याच्या मागे गेला. खरं तर मागे जायला जागाच नव्हती. ओटा भिंतीला अंग घासून उभा होता, मधे पोस्टकार्डसुद्धा सरकलं नसतं. तरी चमचा गेला, आणि तो खाली पोचल्याचा आवाज बराच खोलवरून आला.

तिने वाकून पाहिलं. ओटा आणि भिंत यांच्यामधे काळी फट पडली होती. बोट सहज गेलं असतं. तिने घातलं नाही.

ती चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. वाकलेल्या फ्रेमा सरळ करायच्या, भिंगं बसवायची, दोन्ही दांड्या कानांवर सारख्या टेकतात ना ते बघायचं, यातच दिवस जायचा. मागच्या अंगणात जाऊन तिने भिंतीकडे कडेने पाहिलं. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या मधोमध भिंतीला पोट सुटलं होतं. वरच्या भागात विटा उघड्या होत्या. सांध्यांमधला चुना गळून गेला होता, आणि नखाने खरवडलं की विटेची लाल भुकटी हातावर येत होती. खालच्या भागावर सिमेंटचा गिलावा होता. त्यावर तिने बोटाने टकटक केलं, तर आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली धाकटी आणि तिचा नवरा राहायचे, वर थोरली जाऊ. थोरलीचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनीच खालच्या भिंतीवर ओल दिसते म्हणून सिमेंट थापून घेतलं होतं. ओल दिसेनाशी झाली. ती गेली कुठे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

थोरलीचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून चालायची, आणि जिना उतरणं तिला फार जिवावर यायचं. तिची खोली मागच्या बाजूला होती, बरोबर त्या पोटाच्या वर. धाकटीने वर जाऊन भिंतीचं सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली की भिंत सासऱ्यांच्या वेळेपासून आहे, आणि माणसांपेक्षा भिंती भल्या, निदान कुणाच्या खोलीत डोकावत नाहीत. दोघींचं तसं फार जमायचं नाही. भांडण असं नव्हतं, पण दोघींचं बोलणं डब्याची ने-आण आणि औषधांच्या वेळा यांच्या पलीकडे जात नसे.

मग गवंडी शोधणं सुरू झालं.

पहिला आला तो ओठ आवळूनच आला. भिंतीवर मुठीने ठोकलं, गिलाव्याचा एक पोपडा उपटला, आतली वीट चिमटीत चुरली आणि वर खिडकीत बसलेल्या थोरलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणा गाढवाने हे सिमेंट थापलं?" त्याचं म्हणणं होतं की भिंत डागडुजीच्या पलीकडे गेली आहे. वरचा मजला रिकामा करा, पूर्ण उतरवा, नव्याने चढवा. थोरलीने खिडकी धाडकन बंद केली. रात्रीचं जेवण तिने खाली परत पाठवलं. त्या गवंड्याचं नाव घरात 'तिरसट' पडलं आणि त्याचा विषय तिथेच मिटला.

दुसरा फोनवर फार गोड बोलायचा. "निघालोच आहे," म्हणायचा. तो शेवटपर्यंत निघालेलाच राहिला.

तिसरा ठेकेदार होता. स्वच्छ सदरा, कानामागे पेन्सिल, स्कूटरवर मोजपट्टी आणि भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा. सगळे त्याला मामा म्हणायचे.

"नावच मामा आहे," धाकटीचा नवरा तिच्या कानात म्हणाला. "आपल्याला बनवलं नाही म्हणजे मिळवली."

पण मामाने मन जिंकलं. वरचा मजला रिकामा करायची काही गरज नाही, म्हणाला. खालची खराब झालेली भिंत थोडी थोडी उघडायची. हातभर काढायची, तिथे नव्या विटा बसवायच्या, त्यांनी भार धरला की शेजारचा हातभर भाग उघडायचा. वरचं वरच राहील, मावशींना उठावंसुद्धा लागणार नाही. थोरलीला हे पटलं. मामाने तिला वर जाऊन नमस्कारही केला. धाकटीने टेकूंचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही डोळ्यांचं बघता ना? मग भिंतीचं माझ्यावर सोडा." त्याने आधी केलेली कामं बघायची आहेत असं तिने म्हटल्यावर त्याने फोनवर फोटो दाखवले. सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन बघायचं तिने ठरवलं होतं. सुट्टी आली, धुण्यात आणि आवराआवरीत गेली, आणि काम सुरू झालं.

सुरुवात चांगली झाली. दोन गवंडी आले, त्यांनी गिलावा उतरवला. आतल्या विटा पाण्यात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या. मामा स्वतः उभा राहायचा, हातभर उघडायचा, भरायचा, ओळंबा लावायचा. धाकटीचा जीव थोडा खाली बसला. पण भीती पूर्ण गेली नव्हती. स्वयंपाक करताना ती भिंतीकडे पाठ करून उभी राहत नसे. चपला दाराशी तोंड बाहेर करून ठेवायची, म्हणजे पाय घालून सरळ पळता यावं. नवऱ्याला हे कळू नये म्हणून ती त्याच्याही चपला तशाच ठेवायची.

मग मामाला दुसरं मोठं काम मिळालं. तिकडे छत ओतायचं होतं. तो सकाळी तोंड दाखवून जायला लागला.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दुकानातली वीज गेली आणि धाकटी दुपारीच घरी आली. नवरा घरीच होता. हातात चहाचे रिकामे कप घेऊन तो मागच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. माणूस स्वभावाने अतिशय भिडस्त. टॅक्सीवाला चुकीच्या गल्लीत वळला तरी "इथूनही जाता येतं" असं म्हणणारा. त्याने अंगणाकडे बोट केलं.

कोपऱ्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत भिंतीचा खालचा भाग नव्हताच. अंगणातून तिला आपल्या ओट्याची पाठ दिसली, पाण्याचा नळ दिसला, आणि फटीत साचलेली धूळ. वरची सगळी भिंत, तिचं ते पोट, आणि त्यावरची थोरलीची खोली, हे सगळं दोन लाकडी टेकूंवर उभं होतं. एका टेकूखाली फळी होती. दुसऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवलेला होता.

मामाचा निरोप आला होता, नवऱ्याने सांगितलं. आज सगळं उघडून टाका, उद्या एकदम बांधून काढू. गवंड्यांनी भराभर विटा काढल्या, आणि मग तिकडे छताला माणसं कमी पडली म्हणून मामाने दोघांना बोलावून घेतलं. "मला वाटलं होतं हे जास्त होतंय," नवरा म्हणाला. "पण त्यांना कळत असेल, असं वाटलं."

धाकटीचं लक्ष वर होतं. ती ऐकत होती. वरच्या विटांमधून बारीक लाल भुकटी गळत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी, एकसारखी. मधेच थांबायची. मग टेकूच्या लाकडातून एक छोटासा 'टक्' यायचा आणि भुकटी पुन्हा सुरू व्हायची.

आवाज न चढवता तिने नवऱ्याला सांगितलं की फोन करत बसू नका, स्कूटर काढा, मामाला त्या छतावरून उतरवा. "त्याला घेऊनच या," ती म्हणाली. "आणि आज तेवढी भीड धरू नका."

तो कप हातात घेऊनच धावला, आणि मग फाटकावर ठेवून गेला.

जिना बाजूच्या भिंतीला होता. धाकटी वर गेली ती पायाच्या बोटांवर, जणू तिच्या वजनानेच घर पडणार होतं. थोरली पलंगावर उशीला टेकून बसली होती. खोलीत विटांचा वास भरला होता.

"दार लाव गं. सगळी धूळ आत येतेय," थोरली म्हणाली.

धाकटीने सवयीने दार ढकललं. ते नेहमीसारखं अडलं, म्हणून तिने खांदा लावला. दार बसलं.

"वहिनी, उठा. आपल्याला खाली जायचंय."

"कशाला?"

"भिंतीचं खालून सगळं काढून ठेवलंय. टेकू नीट नाहीत."

थोरली म्हणाली, "माझी खोली रिकामी करायला निमित्त बरं सापडलं. तो तिरसट म्हणालाच होता, वरचा मजला रिकामा करा. तेव्हापासून घोकत होतीस ना?"

धाकटीला रडू आलं, रागाने नव्हे, घाईने. ती काही बोलणार एवढ्यात घराने आवाज केला. ओलं लाकूड कुणी दोन्ही हातांनी पिळावं तसा तो आवाज होता. तो खालून आला, त्यांच्या पायांखालून सावकाश गेला आणि वर छतात विरला. खिडकीत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं. पेला सरळ उभा दिसत होता, पाणी मात्र तिरकं. त्यावरून धाकटीला कळलं की खिडकीच तिरकी झाली आहे.

ती दाराकडे धावली. कडी धरून ओढली, पण दार हललं नाही. तिने दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. चौकट वाकून दाराच्या अंगावर बसली होती.

"वहिनी, दार उघडत नाही."

थोरली बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता, धाकटीने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फार दिवसांपासून ऐकतेय मी. भिंतीच्या आत कुणी मूठ मूठ तांदूळ ओतावेत ना, तसं. दुपारी सगळं शांत झालं की सुरू व्हायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पहिला प्रश्न कोणता आला असता? सिमेंट कुणी थापलं. तो गवंडी माझ्या तोंडावर गाढव म्हणाला त्यांना. गेलेला माणूस काय उत्तर देणार होता?"

तेव्हा धाकटीचं लक्ष पलंगाकडे गेलं. पलंग भिंतीला लागून असायचा. आता तो जवळजवळ खोलीच्या मधे आला होता. पंख्याखाली यावा म्हणून सरकवला असेल असं तिला वाटलं होतं. मोडलेल्या कंबरेने, वॉकर धरून, ही बाई रोज तो पलंग इंचाइंचाने भिंतीपासून दूर ढकलत होती, आणि खाली कुणालाही कळू देत नव्हती. इतके दिवस धाकटी जिला अढी समजत आली, ती भीती होती.

ती जाऊन पलंगावर तिच्याजवळ बसली. थोरलीने तिचा हात धरला आणि इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. खिडकीतून बाहेर पडायचा विचार धाकटीच्या मनात येऊन गेला होता. पण खिडकी त्याच भिंतीत होती. दोघी जीव मुठीत धरून बसल्या. भुकटी पडत होती. आता ती खोलीच्या आतही पडायला लागली होती, कोपऱ्यातून, जिथे भिंत आणि छत एकमेकांना सोडत होते.

स्कूटरचा आवाज आला. मामा आला की अंगणातून त्याची बडबड ऐकू यायची, गड्यांना हाका, हसणं. आज स्कूटर बंद झाली आणि काहीच ऐकू आलं नाही. ज्याला सगळं ठाऊक असायला हवं तो माणूस खाली उभा राहून बघतोय आणि त्याला शब्द फुटत नाही, हे तिला न बघताही दिसलं.

मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारापलीकडून मामाचा आवाज आला, अगदी हळू.

"ताई, दाराला हात लावू नका. ओढू नका. तुळईचं वजन चौकटीवर आलंय. दार निघालं तर वरचं सगळं खाली येईल."

"मग आम्ही निघायचं कसं?"

"जिन्याच्या बाजूची भिंत एकेरी विटेची आहे. तिच्यावर काही टेकलेलं नाही. तिथून भोक पाडतो. ठोकणार नाही, नुसतं खरवडून काढतो. मावशींना पलंगावरून उतरवून या बाजूला आणा."

धाकटीला त्या क्षणी त्याचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे एवढंच पुरेसं वाटलं.

मामाने तिच्या नवऱ्याला अंगणात उभं केलं. टेकूवर नजर ठेवायची आणि काहीही हललं की ओरडायचं, म्हणजे मामाने हात थांबवायचा. अंगणात उभं राहणं म्हणजे त्या पोटाखालीच उभं राहणं होतं. तो उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "थांबा!" आणि खरवडणं थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा "थांबा!" आला. धाकटीने लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत नवऱ्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

थोरलीला खाली उतरवणं सोपं नव्हतं. धाकटीने जमिनीवर रजई पसरली आणि तिला काखेत धरून हळूहळू त्यावर घेतलं. कंबरेला हिसका बसला तेव्हा थोरलीने रजईचं टोक दातांत धरलं, पण ओरडली नाही. भिंतीतून छिन्नीचं टोक आलं, मग एक वीट आत सरकली, मग दुसरी. जिन्याचा उजेड आत आला. त्या उजेडात मामाची बोटं दिसली. विटा उपसून नखं फुटली होती.

भोक जमिनीलगत होतं, पिंपाच्या तोंडाएवढं. थोरलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "यातून मला ओढणार? पोत्यासारखं?"

"हो, वहिनी. पण पोतं बोलत नाही," धाकटी म्हणाली. थोरली चक्क हसली. ते हसणं आणि दातांचं वाजणं एकाच वेळी चाललं होतं.

मामाने पलीकडून रजई ओढली, धाकटीने अलीकडून पाय सांभाळले. थोरली मधे अडकली. काही क्षण ती ना इकडे ना तिकडे, आणि धाकटीच्या डोक्यात एकच विचार होता, की आता पडलं तर अर्धी बाई वाचेल. मामाने आणखी एक वीट काढली. थोरली सुटली आणि पलीकडे गेली.

धाकटीने डोकं भोकात घातलं तेव्हा अंगणातून नवऱ्याची किंकाळी आली. या वेळी शब्द नव्हता, नुसता आवाज. तिच्या पायांमागे काहीतरी मोठं सरकलं. मामाने तिची मनगटं धरली आणि खेचलं. कोपर सोलवटलं, गुडघा विटेवर आपटला, आणि ती जिन्यावर आली. मामाने थोरलीला पाठीवर घेतलं आणि तिघं कशी खाली उतरली हे पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. रस्त्यावर पोचल्यावर धाकटीने वळून नवऱ्याला हाक मारली. तो बाजूच्या बोळातून धावत बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत लाल.

तेव्हा भिंत पडली. तिला वाटलं होतं तसा गडगडाट झाला नाही. पोती ओतावीत तसा जड, दबका आवाज झाला आणि घरावरून धुळीचा लोट वर गेला. धूळ बसल्यावर बाजूने दिसलं, की वरच्या खोलीची मागची बाजू नाहीशी झाली आहे आणि थोरलीचा पलंग दोन पायांवर हवेत तोलून उभा आहे.

शेजाऱ्यांनी थोरलीसाठी खुर्ची आणली. मामा फुटपाथच्या कडेला बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं. थोरली त्याच्याकडे बघत होती.

"वर कशाला आलास?" तिने विचारलं. "पळून जाता आलं असतं."

मामाने मान वर केली नाही. "खाली उभं राहवेना, मावशी," तो म्हणाला.

पालिकेचा इंजिनिअर आला तेव्हा गवंड्यांनी चुकून जास्त उघडलं का, असं त्याने विचारलं. मामाने सांगितलं की गवंड्यांची चूक नाही, सगळं उघडायला मीच सांगितलं होतं. घराच्या पुढच्या भागाला लोखंडी टेकू लावले गेले, दाराला पट्टी लागली, आणि धाकटी, नवरा आणि थोरली असे तिघे चष्म्याच्या दुकानामागच्या एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले.

त्या खोलीतले महिने धाकटीला भिंत पडली त्या दिवसापेक्षा जड गेले. घर पडताना भ्यायलाही वेळ नव्हता. आता वेळच वेळ होता. ती कुठल्याच भिंतीला पाठ टेकून बसू शकत नव्हती. रस्त्याने जाताना इमारतींपासून लांब, गाड्यांच्या बाजूने चालायची. दुकानात कुणी खुर्ची सरकवली की तिच्या हातातलं भिंग पडायचं. मालकाने एकदा विचारलं, तिने झोप झाली नाही म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. नवरा बोलायला लागला होता, पूर्वी कधी बोलला नाही इतका. न थांबता, कशाबद्दलही. खोलीत शांतता झाली की त्याला अंगण आठवायचं. थोरली मात्र काही बोलायची नाही. पण वरच्या मजल्यावर कुणी काही टाकलं की ती अंधारात हात लांब करून धाकटीचं मनगट धरायची.

मामा एकदा खोलीवर आला. भिंत मीच बांधून देतो, म्हणाला, काही न घेता. धाकटीने त्याला बसायला सांगितलं, चहा केला, आणि मग बोलली.

"तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण भिंत तुमच्या हातात देणार नाही."

त्याने मान डोलावली. चहा संपवला, कप स्वतः धुऊन ठेवला आणि गेला. पुढे कळलं की तो आता फक्त फरशा बसवतो, भिंतींचं काम घेत नाही.

तिरसटाला बोलवा, हे थोरलीनेच सुचवलं. तो आला, ढिगाऱ्याभोवती फिरला आणि पुन्हा त्या गाढवाची आठवण काढली.

"माझे यजमान होते ते," थोरली म्हणाली. "पुढचं बोला."

तिरसटाने पुढचं सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर तरी त्याने जीभ आवरली. पण धाकटीने या वेळी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने बांधलेल्या घरांचे पत्ते घेतले आणि दारं वाजवली. एका घरातली बाई म्हणाली की तोंडाचा फाटका आहे, पण भिंत उभी आहे. दुसऱ्या घरी कुणी आत घेतलं नाही, म्हणून तिने रस्त्यावरूनच कोपरे बघितले. इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला. काम चालू असताना नवरा अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि इतके प्रश्न विचारायचा की तिरसट एकदा हातातली थापी फेकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि प्रश्नांची उत्तरं देत बांधायला लागला.

नव्या भिंतीला चुन्याचे सांधे आले. गिलावा केला नाही. विटा दिसतात, म्हणजे काही झालं तर दिसेल, असं धाकटी म्हणाली.

ते घरी परतले, पण वरच्या खोलीत राहायला कुणी गेलं नाही. थोरलीची सोय खाली पुढच्या खोलीत केली. वर कपडे वाळत घालायचं ठरलं होतं, पण तेही अंगणातच वाळत राहिले. धाकटी जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच मागे फिरायची.

एका दुपारी ती तरीही वर गेली. दार सताड उघडं ठेवलं, त्याला वीट लावली, आणि खोलीच्या मधे जमिनीवर बसली. काहीच होत नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी फेरीवाला ओरडत होता. तिचं काळीज मात्र असं धडधडत होतं, की तोच आवाज भिंतीतून येतोय असं तिला वाटलं. घामाघूम होऊन ती खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली.

"काय करतेस गं वर?" थोरलीने खालून विचारलं.

"बसलेय."

खाली वॉकर जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"मलाही ने," थोरली म्हणाली.

नवऱ्याने आणि तिने मिळून थोरलीला वर नेलं, प्रत्येक पायरीवर थांबत. तिने पलंग नको म्हटलं, दाराजवळ खुर्ची ठेवायला सांगितली. दोघी तशाच बसल्या, एक खुर्चीवर, एक जमिनीवर. थोरलीचे कान टवकारलेले होते, ते धाकटीला दिसत होतं. तिचेही तसेच होते. खिडकीतलं ऊन हळूहळू भिंतीवरून सरकलं आणि विटांवरून उतरून गेलं. तेव्हा थोरली म्हणाली की आता चहा झाला तर बरं होईल, आणि तो इथेच आण.